शेळीनं उघडी पाडलेली कमान

ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचं नाव मन्मथअप्पा. कागदवाले. राहणार सेलू, पेठेच्या मागची गल्ली. अन्याय झाला तो दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली, गणपतीच्या पाचव्या दिवशी, सकाळच्या आरतीच्या अगोदर, भर चौकात, सगळ्या पेठेसमोर. नाव, गाव, दिवस लिहून ठेवतो, कारण आमच्या गावाला विसरायची लय घाई असते.

अन्याय करणाऱ्याचं नाव लिहीत नाही. त्यांना सगळे ओळखतात. मी त्यांना अध्यक्ष म्हणेन. चौकातल्या गणेश मंडळाचे ते अध्यक्ष होते, सरकीच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव होते आणि त्या दिवशी माईक त्यांच्या हातात होता. माईक ज्याच्या हातात, खरं त्याचंच, असा आपल्याकडे समज आहे.

अप्पा संत नव्हते. हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही हात जोडून मोकळे व्हाल आणि पुढचं वाचणार नाही. अप्पा तापट होते, जिभेनं फाटके होते आणि स्वतःच्या कामावर असे खूष होते की ऐकणाऱ्याला लाज वाटावी. अंगात बंडी, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची पेटी, तोंडात सुपारी. दुकानात वह्या, पाट्या, पेन्सिली, पतंग आणि पतंगाचा पातळ रंगीत कागद. पण अप्पांचं खरं काम दुकानात नव्हतं, मागच्या अंगणात होतं. तिथं भिंतीला टेकून एक बांबूची कमान उभी असायची. वर्षभर.

एकच कमान. हे नीट लक्षात घ्या, कारण सगळं रामायण त्यातूनच घडलं. मोहरमला तीच कमान हिरवा कागद लेवून सवारीच्या, म्हणजे पंजाच्या, ठाण्यापुढं उभी राहायची. जयंतीला निळी होऊन जिनिंगच्या मागं आमच्या बौद्ध वस्तीच्या तोंडाशी यायची. भाद्रपदात केशरी होऊन चौकातल्या गणपतीपुढं. मधल्या काळात कुणाचं लग्न निघालं तर लग्नाला. जुना कागद अप्पा कधी खरवडायचे नाहीत. त्याच्यावरच नवा चिकटवायचे. म्हणायचे, "कागदावर कागद बसला की कमान लाकडावानी होती. सोलून काढली की राहिल्या नुसत्या कामट्या."

"आणि तुमच्या लिंगायत समाजाची कमान कधी करता?" मी एकदा विचारलं.

"आमचा देव गळ्यात," अप्पा पेटीवर बोट वाजवून म्हणाले. "त्याला कमान कशाला? म्हणून तर तुमा सगळ्यांच्या कमानी करायला मला सवड हाय."

माझी त्यांची ओळख झाली ती पत्रकाच्या कागदामुळं. आम्ही वस्तीतली पोरं तेव्हा सायक्लोस्टाइल पत्रकं काढायचो. पाणवठा सगळ्यांना एक हवा, असं पहिलं पत्रक होतं. कागद घ्यायला गेलो तर अप्पांनी माझ्या हातातला मजकूर हिसकून घेतला आणि गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचायला लागले.

"‘पेठेतल्या बांडगुळांनो!’ म्हंजी मीच की रे?"

"हौ, तुमीच."

"मग बांडगुळाचाच कागद कामून घ्यायलास, पुढारी?"

तेव्हापासून मी पुढारी. मला दुसरं नाव आहे हे त्यांनी कधी मानलंच नाही.

त्या पत्रकांचा एक गठ्ठा न वाटता उरला होता. जयंतीच्या आदल्या दिवशी कमान पाहायला गेलो तर माझी पत्रकं तिच्यावर फुलं होऊन लटकलेली. अप्पांनी ती मागून निळी रंगवून, दुमडून, पाकळ्या कापल्या होत्या. मी भडकलो. आम्ही रक्त आटवून लिहायचं आणि यांनी त्याची फुलं करायची? कागदी फुलांनी कधी पाणवठा खुला झालाय का?

"तुझं पत्रक किती जणांनी वाचलं?" अप्पा शांतपणे सुपारी कातरत म्हणाले. "उद्या सगळं गाव ह्याच्या खालून जाणार. मान वर करून बघणार. आधी मान वर करू दे, मग वाच म्हण."

मला ते पटलं नव्हतं. आजही निम्मंच पटतं. फुलं बघून कुणी विहीर खुली करत नाही, तिथं मोर्चाच लागतो. पण त्या अंगणात जे चालायचं ते कुठल्याही मोर्चात मी पाहिलेलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

अप्पांचा एक नियम होता. आपल्या सणाची कमान आपण कापायची नाही. सवारीच्या हिरव्या कमानीची जाळी पेठेतल्या बाया कापणार. जयंतीच्या निळ्या कमानीला इस्माईलचाचा शिंप्यांचं घर बसणार. आणि गणपतीच्या केशरी कमानीला आमच्या वस्तीतल्या बाया. कुणी म्हणालं, अप्पा, आमची कमान आमी करतो की, तर अप्पा उसळायचे.

"सोताच्या लग्नात सोता मंगलाष्टका म्हणतो का कुणी? आपल्या कामात माणूस चालढकल करतो. दुसऱ्याच्या कामात नाव जायची भीती असती, तवा कातर सरळ चालती."

एवढंच कारण ते सांगायचे. समता, बंधुता असले शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत. पण अंगणातला देखावा बघा. अध्यक्षांच्या मातोश्री, त्यांना सगळे काकू म्हणत, यांचा सवारीला नवस होता. त्या दरसाल स्वतःची कातर घेऊन हिरवी फुलं कापायला यायच्या, आणि त्यांच्या फुलाचा देठ वाकडा गेला की इस्माईलचाचा शिंपी कानाला हात लावून म्हणायचे, "या अल्ला, काकू! ये फूल हाय के वांगा?" काकू हसत कातर उगारायच्या. बाहेर पेठेत हीच माणसं एकमेकांना ओळख दाखवताना इकडंतिकडं बघायची. ही लबाडी मी विसरलेलो नाही.

आता खळीची गोष्ट. दुष्काळाच्या आधीची आहे.

कागद चिकटवायला खळ लागते. मैद्याची, चुलीवर शिजवलेली. ती गिरजाअक्का, म्हणजे अप्पांची बायको, आपल्या स्वैपाकघरात शिजवायच्या. अक्का सोवळ्याच्या कडक. वस्तीतल्या बाया अंगणात बसायच्या, पाणी वरून ओतलं जायचं, कप वेगळे. अप्पा अंगणात कितीही मोठे असोत, उंबऱ्याच्या आत अक्कांचं राज्य होतं. पण अक्कांच्या खळीला गुठळ्या व्हायच्या. गव्हाची गोड हुग्गी अशी करायच्या की बोटं चाटावीत, आणि खळ अशी की कागद फाटावा.

माझ्या मायला खळ यायची. तिच्या माहेरी, चुडाव्याला, मागावर सुताला खळ द्यायचे. त्या दिवशी ती स्वैपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून अक्कांना सांगत होती. "जाळ कमी करा. आता हलवा. थांबू नका, हलवा. उजवीकडूनच."

अक्का धुरानं बेजार. एकदम ओरडल्या, "तिथून कामून सांगायलीस गं सोना? ये की आत, हलव तूच!"

अंगणातल्या कातरी थांबल्या. तोंडातून निघून गेलं होतं. अक्कांच्याही ते ध्यानात आलं, त्यांचा चेहरा पडला. मायनं अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी मान खाली घालून कागद मोजायचं नाटक केलं आणि बायकोचं न् मायचं नाव न घेता भिंतीला सांगितलं, "खळ जळायली बघा!"

माय आत गेली. पळी हातात घेतली.

शेजारणीनं दुसऱ्या दिवशी अक्कांना टोकलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "खळ तर हाय. जेवायची थोडीच हाय?" पुढच्या साली त्याच चुलीवर मायनं चहा टाकला. त्याच्या पुढच्या साली वेगळे कप कुठं गेले कुणाला सापडले नाहीत. अक्का म्हणायच्या, मांजरानं फोडले. सगळे कप एकाच मांजरानं, आणि नेमके तेवढेच!

त्या खळीत माय मोरचूद घालायची. निळा, कडू, विषारी. घातला की कागदाला उंदीर, झुरळ लागत नाही. पण दुष्काळ सरल्यानंतरच्या त्या गणपतीला अक्का म्हणाल्या, "सोना, देवापुढं नैवेद्य ठेवत्यात. लेकरं परसाद खात्यात. आवंदा ते इख नको घालू." मायला पटलं. आपल्या हातानं देवाच्या दारात विष कशाला? नुसत्या मैद्याची खळ, त्यावर केशरी कागद, त्यावर वस्तीतल्या बायांनी कापलेली पांढरी जाळी. कमान चौकात उभी राहिली.

आणि अप्पा नेहमीप्रमाणे नटून गेले. ही त्यांची जुनी खोड. प्रत्येक सणाला कमानीसमोर गर्दीत परक्यासारखे उभे राहायचे आणि मोठ्यानं विचारायचे, "कुणी केली बुवा ही कमान?" सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण अप्पांना चिडवायचं म्हणून गावानं एक उत्तर ठरवलं होतं. मोहरम असो, जयंती असो, गणपती असो, उत्तर तेच: "कुणास ठाऊक, पण बरी हाय!" अप्पा लालबुंद. "बरी? नुसती बरी?" मग हशा. आमच्या गावात सगळ्या गल्ल्यांना मिळून येणारा विनोद मला तरी हा एकच माहीत आहे.

पाचव्या दिवशी सकाळी मंडपात एक शेळी शिरली. कुणाची होती याच्यावर पुढं बराच वाद झाला. शेळी अध्यक्षांच्याच गोठ्यातली होती, हे मी इथं नोंदवतो. नुसत्या मैद्याची खळ तिला गोड लागली. कमानीचा डावा पाय तिनं खालपासून तोंड पोचेल तिथवर चाटून, चावून साफ केला. केशरी कागद गेला, जाळी गेली. खालच्या निळ्याला तोंड लावलं, तो मोरचुदाचा. कडू. शेळी थांबली.

आरतीला लोक आले तेव्हा गणपतीच्या कमानीचा एक पाय जयंतीचा होता.

अध्यक्षांनी माईक घेतला. अप्पांना बोलावणं गेलं. मी, माय, वस्तीतले काही जण पेठेत होतो, तेही आलो.

"हे निळं काय हाय, अप्पा?"

"कागद," अप्पा म्हणाले.

"कुणाचा?"

"माझ्या दुकानातला."

मागून एक जण ओरडला, "शेळीनंबी निळं तोंडाला लावलं न्हाई!" काही जण हसले.

"कारण ते पक्कं होतं," अप्पा म्हणाले. मग ते खाली बसले. नखानं निळा कागद थोडा सोलला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचा कागद सोलताना मी पाहिलं. "हे हिरवं बघा. सवारीचं. तुमच्या घरच्या नवसाची फुलं यावरच व्हती." काकू पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी पदर ओढून घेतला. अप्पा आणखी सोलत म्हणाले, "आणि ह्याच्याखाली गुलाबी. वळखलं का, अध्यक्ष? तुमच्या लग्नाचा मांडव हाय. ह्याच कमानीखालून बायको आणली तुमी."

सगळा चौक खदखदून हसला.

तिथंच घात झाला. मला पुष्कळदा वाटतं, लोक चिडले असते तर निभावलं असतं. हसले ते अध्यक्षांना सोसलं नाही. त्यांचा आवाज चिरकला. "हसण्यावारी नेऊ नका! देवाच्या कमानीला हात कुणाकुणाचे लागले ते सांगा. ही कमान केली कुणी?"

जन्मभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो अप्पांना माईकवरून विचारला गेला. अप्पांनी सगळीकडं नजर फिरवली. मायकडं बघितलं, इस्माईलचाचांकडं बघितलं. काकूंकडंही. म्हणाले, "मी केली. एकट्यानं."

अहो, एकट्यानं! बढाईखोर माणूस तो, पण ही बढाई नव्हती. बायांची नावं चौकात येऊ नयेत म्हणून तो स्वतः आडवा पडला होता.

तेव्हा माझी माय पुढं झाली. जिनिंगमध्ये कापूस वेचणारी बाई, पेठेत मान वर करून कधी बोलली नव्हती. म्हणाली, "खोटं बोलू नका, अप्पा. खळ माझी हाय. जाळी आमी कापली."

"कैंची मेरी थी," इस्माईलचाचा मागून म्हणाले. "और बांबू कू सुतळी मैं बांध्या."

आणखी एक नाव यायला हवं होतं. ते आलं नाही. काकू पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या.

मग गोमूत्र आणलं गेलं. निळ्यावर शिंपडलं, हिरव्यावर शिंपडलं. स्वतःच्या लग्नाच्या गुलाबीवर शिंपडलं का नाही, ते मला दिसलं नाही. कमान उपटली आणि जिनिंगच्या मागं, आमच्या वस्तीच्या अंगाला, नालीच्या कडेला फेकली. फेकायची जागासुद्धा विचार करून निवडली होती. गणपती उरलेले दिवस बिनकमानीचा बसला. मला त्याचं काही वाटलं नाही. अप्पांना वाटलं. परत येताना एवढंच म्हणाले, "देव उघडा पडला की रे पुढारी."

मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. जळजळीत. अप्पांकडं कागदाला गेलो तर त्यांनी मजकूर वाचला आणि पहिल्यांदाच कागद दिला नाही. "ह्याच्यात काकूंचं नाव हाय."

"असणारच. गप्प बसल्या त्या!"

"गप बसलेलं माणूस उद्या बोलंल. छापलेलं माणूस कधीच न्हाई बोलणार. मोहरमला इसरलेली तिची कातर माझ्या डब्यात हाय, पुढारी. न्यायला तरी येईल."

ते पत्रक निघालं नाही.

पेठेनं अप्पांच्या दुकानाची पायरी सोडली. वह्यासुद्धा दुसरीकडून. समाजातल्या वडीलधाऱ्यांनी घरी येऊन समज दिली. आम्ही कमान नालीकडून उचलून आणली, अप्पांनी मोडक्या कामट्या बदलल्या. मोहरमला ती उभी राहिली. पेठेतल्या बाया आल्या नाहीत, म्हणून हिरवी जाळी आमच्या बायांनी कापली. जयंतीला चाचांच्या घरानं निळी केली. शेळीनं खाल्लेला डावा पाय तेवढा अप्पांनी दोन्ही वेळेला उघडाच ठेवायला लावला. एवढ्यावर अप्पांचा नियम अजून शाबूत होता.

भाद्रपद आला. मंडळानं परभणीहून तयार मखर आणलं, थर्माकोलचं, विजेच्या माळांचं. त्या दिवसांत मी अप्पांच्या घरी गेलो तर कमान पडवीत आडवी, आणि अप्पा तिच्यावर केशरी कागद लावत बसलेले. शेजारी काठी.

"काठी कशाला?"

"शेळ्यांना."

मला हसू येईना. वातावरण हलकं करावं म्हणून मी गावाचा जुना प्रश्न विचारला. "अप्पा, कुणी केली बुवा ही कमान?"

वाटलं, उसळतील. अप्पांनी कमानीवरून हात फिरवला. "अजून कुठं केली? निम्मीच हाय. हात कमी पडायलेत."

त्या थंडीत अप्पा गेले. खोकल्याचं निमित्त झालं.

लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत. बसवून नेतात, बांबू-कागदाच्या सजवलेल्या विमानात. वडीलधारे जमले, विमान कुणाला सांगायचं याची चर्चा सुरू झाली. कारण आजवर ते सांगायचं ठिकाण एकच होतं आणि तो माणूस भिंतीला टेकून बसवलेला होता. अक्का उठल्या, पडवीतली कमान ओढत आणली. "ह्याच्यात न्या."

"अगं पण ही निम्मी हाय. आणि आता करणार कोण?"

अक्कांनी मायकडं पाहिलं. घरात चूल पेटवायची नव्हती. माय आमच्या घरून खळ शिजवून घेऊन आली. एक म्हातारा कुजबुजला, "ह्या खळीनं?" अक्का म्हणाल्या, "त्यांचा नियम हाय. आपल्या कामाला आपले हात लावायचे न्हाईत. तुमी बाजूला व्हा." आणि ज्या घरात कातर सगळ्यात जास्त चालली त्या घरचे लोक हात बांधून उभे राहिले. वस्तीतल्या बाया आणि चाचांचं घर कापायला बसलं. तरी हात कमी पडले. डावा पाय उघडा राहिला, शेळीनं खाल्लेलाच. निळा, हिरवा, गुलाबी, सगळे दिसत होते.

मी अप्पांना शेवटचं पाहिलं ते चौकात. कमानीखाली ताठ बसलेले, कपाळाला विभूती, गळ्यात पेटी, मान थोडी एका बाजूला, जशी ते गर्दीत उभे राहून करायचे. अध्यक्ष दुकानाच्या फळीवरून उतरले, टोपी काढून उभे राहिले. त्याहून पुढं आले नाहीत. वर खिडकीत काकू होत्या. स्टेशनाकडून आलेला एक परगावचा माणूस पिशवी सांभाळत थांबला. त्याला काय माहीत? त्यानं सहज विचारलं, "कुणी केली हो ही कमान?"

मग इस्माईलचाचा, डोळे पुसत, विमानाचा बांबू खांद्यावर घेऊन म्हणाले, "कुणास ठाऊक. पन बरी हाय."

कमान अक्कांनी परत आणवली. आजही पडवीत उभी आहे. डावा पाय तसाच उघडा आहे.

म्हणून हे लिहिलं. अप्पांचं नाव चौकाला द्या, तसबीर लावा, असलं काही आम्ही मागत नाही. तसबिरीला हार घालून घरी जाणारे आम्ही पुष्कळ पाहिलेत. मागणं वेगळं आहे, आणि ते तुमच्याकडं आहे, वाचणाऱ्याकडं. तुमच्या गल्लीचा सण तुम्ही आजवर थाटात केलात. या खेपेला तो दुसऱ्यांवर सोडा आणि जो सण तुमचा नाही त्याच्या कामाला येऊन बसा. बाजार उठल्यावर, अक्कांच्या अंगणात. खळ माझी माय शिजवेल, मोरचूद घालून. कातर घरून आणा.

काकू, तुम्ही आणू नका. तुमची डब्यात आहे. अक्का तिला अजून तेल लावतात. या, आणि तो डावा पाय पुरा करा.